प्रायमरीकी-रिलेटेडफील्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर
एका ऑर्डरमध्ये २०० वस्तूंचे आयडी पाठवा आणि क्वेरी लॉग उघडा. एकाच साच्याच्या २०० सिलेक्ट क्वेरी! प्रायमरीकी-रिलेटेडफील्ड म्हणजे जँगो रेस्ट फ्रेमवर्कमधलं (पायथनमध्ये वेब एपीआय लिहायचं साधन) आयडी घेऊन डेटाबेसमधली नोंद शोधणारं फील्ड. त्याला मेनी=ट्रू (एकाऐवजी आयडींची यादी) दिलं की ते यादीतल्या प्रत्येक आयडीसाठी वेगळा गेट, म्हणजे एक क्वेरी, मारतं. एका फेरीला २ मिलिसेकंद धरले तरी नुसतं ‘हा आयडी आहे का’ विचारण्यात ४०० मिलिसेकंद गेले. व्ह्यूमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) प्रीफेच (संबंधित नोंदी आधीच एकत्र आणणं) लावून काही होत नाही, कारण खर्च वाचताना नाही, तपासताना होतो. शिवाय पहिला चुकीचा आयडी सापडला की तपासणी तिथेच थांबते. पाच आयडी चुकले तर पाचदा पाठवा, पाचदा एरर खा.

म्हणून यादीसाठी हे फील्ड काढून टाका. त्याजागी राइट-ओन्ली (फक्त येणाऱ्या डेटासाठीचं) लिस्टफील्ड, आत इंटिजरफील्ड, कमाल लांबी २०० (मेनी=ट्रूमध्ये ही मर्यादा घालायची सोयच नाही). व्हॅलिडेट मेथडमध्ये आयडींचा सेट करून एकदाच इन_बल्क (अनेक आयडींच्या नोंदी एका क्वेरीत आणणारी मेथड) चालवा. सेटमधून सापडलेले आयडी वजा केले की उरलेले सगळे चुकीचे, एकाच एररमध्ये सांगता येतात. क्वेरी एक. सेट केल्यावर दोनदा आलेला आयडी गुपचूप एकच होतो, तेव्हा लांबी आधीच ताडून पाहा.

एकट्या फॉरेन कीसाठी (दुसऱ्या टेबलातल्या एकाच नोंदीकडे बोट दाखवणारा आयडी) मात्र हेच फील्ड बरं. तिथे एकच क्वेरी, आणि ऑब्जेक्ट आयता हातात. फक्त फील्डच्या क्वेरीसेटला (ज्या नोंदींत शोधायचं तो संच) ऑब्जेक्ट्स.ऑल, म्हणजे सगळ्या नोंदी, देऊन मोकळे होऊ नका. व्ह्यूची गाळणी इथे लागू होत नाही, त्यामुळे ऑर्डरला दुसऱ्या ग्राहकाचं गोदामही बिनबोभाट जोडलं जातं. फील्डचा उपवर्ग करा आणि गेट_क्वेरीसेटमध्ये कॉन्टेक्स्टमधल्या रिक्वेस्टचा युजर घेऊन गाळा. परक्याच्या आयडीलाही ‘अस्तित्वात नाही’ हेच उत्तर जातं, तेच हवं. इन_बल्कलाही हाच गाळलेला क्वेरीसेट द्या.

तपासणी आणि सेव्ह यांच्या मधे कोणी ती नोंद उडवली तर? पोस्टग्रेसवर जँगो फॉरेन कीचे निर्बंध कमिटपर्यंत (ट्रान्झॅक्शनमधले बदल पक्के होईपर्यंत) पुढे ढकलतो. अॅटॉमिकच्या (सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवणाऱ्या ब्लॉकच्या) आत सेव्हभोवती लावलेला ट्राय-एक्सेप्ट म्हणून कोराच राहतो, आणि इंटेग्रिटीएरर कमिटला उगवतो. ट्राय अॅटॉमिकच्या बाहेर घ्या. प्रत्येक रिक्वेस्टमागे एक ट्रान्झॅक्शन ही सेटिंग चालू असेल तर कमिट व्ह्यू संपल्यावर होतं, म्हणून व्ह्यूमधला ट्रायही त्या एररपर्यंत पोचत नाही. तिथे तपासतानाच सिलेक्ट_फॉर_अपडेट लावा, म्हणजे नोंद ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत कुलूपबंद राहते.