प्रोबेशन आणि वैद्यकीय गांजा: पेनसिल्व्हेनियातील एका वकिली सल्ल्याचा अनुभव

माझा धाकटा भाऊ पेनसिल्व्हेनियात राहतो. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात त्याला प्रोबेशन (तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या अटींवर, देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा) मिळाले, आणि त्याच काळात पाठीच्या जुन्या दुखापतीमुळे पायात उतरणाऱ्या वेदना इतक्या वाढल्या की ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) गोळ्यांना पर्याय म्हणून त्याच्या डॉक्टरांनी वैद्यकीय गांजा सुचवला. वैद्यकीय गांजा घेण्याची परवानगी देणाऱ्या राज्याच्या कार्डासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते; ते देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने काही मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काम उरकले आणि कार्ड हाती असले की सर्व कायदेशीर आहे असे सांगितले. आपण प्रोबेशनवर आहोत हे त्याने सांगूनही त्याविषयी तिथे कोणी एक शब्द काढला नाही. त्याच्या प्रोबेशनच्या अटींत मात्र डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय कोणताही अमली पदार्थ घ्यायचा नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आम्ही फौजदारी खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. एका तासाच्या सल्ल्याचे त्यांनी 250 डॉलर घेतले.

कार्डाकडे पाहण्याआधी त्यांनी न्यायालयाचा आदेश मागितला, तेव्हाच मला विश्वास वाटला. प्रोबेशन केंद्रीय न्यायालयाचे असते तर आमची भेट तिथेच संपली असती, असे त्या म्हणाल्या. केंद्रीय प्रोबेशनवर राज्याचे कार्ड चालत नाही. अमली पदार्थांपासून दूर राहणे ही तिथे कायद्यानेच घातलेली अट आहे, आणि सर्वसाधारणपणे पहिल्या 15 दिवसांत एक व पुढे किमान दोन चाचण्या द्याव्या लागतात. भावाचे प्रोबेशन काउंटीचे (राज्यातील जिल्ह्याचे) असल्यामुळे त्याला राज्याचा 2016 चा वैद्यकीय गांजा कायदा लागू होता. या कायद्याप्रमाणे वागणाऱ्या रुग्णाला केवळ त्या वापरासाठी कोणतीही शिक्षा करता येत नाही. लेबनन काउंटीने 2019 मध्ये प्रोबेशनवरील लोकांना सरसकट बंदी घातली होती. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये बेकायदा ठरवली. वकीलबाईंनी त्या निकालातील संबंधित भाग आमच्यासमोर वाचून दाखवला, आणि त्याची मर्यादाही लगेच सांगितली: वापर कायद्याला धरून नाही असे मानण्यास सबळ कारण असेल, तर अधिकारी चौकशी करू शकतो.

त्यामुळे "कायद्याला धरून" म्हणजे नेमके काय, यावर त्यांनी बराच वेळ दिला, आणि या सल्ल्याचे खरे मोल मला तिथेच जाणवले. लघवीच्या चाचणीत टीएचसीचे (गांजातील नशा आणणाऱ्या घटकाचे) अवशेष दिसतात, पण ते डिस्पेन्सरीतील (वैद्यकीय गांजाच्या परवानाधारक दुकानातील) औषधाचे की बाहेरच्या गांजाचे हे तिच्यातून कळत नाही. म्हणून कार्ड सतत जवळ ठेवायचे, औषध मूळ वेष्टनातच ठेवायचे आणि प्रत्येक पावती जपायची. पेनसिल्व्हेनियात सुका गांजा व्हेपोरायझरमधून (न जाळता वाफ करणाऱ्या उपकरणातून) घेता येतो, मात्र पेटवून ओढणे वैद्यकीय कायद्यातही निषिद्ध आहे, त्यामुळे एकदा जरी तसे केले तरी संरक्षणाचा आधार जातो. प्रमाणपत्र आणि प्रिस्क्रिप्शन या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत, हेही आम्हाला तिथेच प्रथम कळले.

सर्वांत गंभीर इशारा गाडी चालवण्याबाबत होता. रक्तात टीएचसीचा किंवा त्याच्या अवशेषाचा अंश सापडला तरी या राज्यात नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा होऊ शकतो, आणि कार्डधारकाला त्यातून सूट नाही. नियमित घेणाऱ्याच्या शरीरात हे अवशेष अंमल उतरल्यानंतरही दीर्घकाळ, कधी काही आठवडे, राहतात. ज्याचे प्रोबेशनच गाडीच्या गुन्ह्यामुळे आहे, त्याने कामावर जाण्यायेण्याची दुसरी सोय झाल्याशिवाय औषध सुरू करू नये, असे त्यांनी निक्षून सांगितले. प्रमाणपत्र विकणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी सांगायला हवी होती, याचा मला आजही राग येतो.

राज्याबाहेरच्या नियमांबद्दल त्या थोडक्यात बोलल्या. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये प्रोबेशनवरील रुग्णांच्या बाजूने असाच निकाल दिला आहे, तर कॅलिफोर्नियात प्रोबेशनवरील व्यक्ती वापराला मान्यता द्यावी अशी विनंती न्यायालयाकडे करू शकते. पण औषध घेऊन राज्याची हद्द ओलांडणे हा केंद्रीय कायद्याखालील गुन्हाच आहे.

माझी मुख्य तक्रार नागरिकत्वाविषयी आहे. भाऊ ग्रीन कार्डावर आहे, पण तो नागरिक आहे का हे त्यांनी विचारले नाही. मी विषय काढला तेव्हा हे आपले क्षेत्र नसल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगून आम्हाला इमिग्रेशन वकिलाकडे पाठवले. राज्याने परवानगी दिलेला वापरही नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या वर्तनाच्या निकषाआड येऊ शकतो, हे केंद्रीय इमिग्रेशन खात्याने एप्रिल 2019 मध्येच लेखी स्पष्ट केलेले असताना, भारतीय कुटुंब समोर बसले असता हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा होता. शिवाय दोन दिवसांत देतो म्हटलेले लेखी टिपण नवव्या दिवशी आले. मधल्या काळात भावाची एक चाचणी झाली. त्याने औषध सुरू केलेले नव्हते म्हणून निभावले.

तरीही, काउंटीच्या प्रोबेशनवर असलेल्या आणि खरोखर वेदनेत असलेल्या कोणालाही मी औषधाआधी असा सल्ला घ्यायला सांगेन, आणि याच वकीलबाईंकडे पुन्हा जाईन. त्यांनी प्रोबेशन अधिकाऱ्यासाठी एक पानाचे पत्र तयार करून दिले. कार्डाच्या प्रतीसह ते आम्ही पहिल्या मात्रेच्या आधी पाठवले, आणि अधिकाऱ्याची लेखी पोच आता पावत्यांच्याच फाइलमध्ये आहे.