नागपूरच्या धरमपेठेतल्या कॅफेची गुरुवारची क्विझ

सलग सहा गुरुवार जाऊन आलो म्हणून लिहून राहिलो. चौघांची टीम, फोन उलटे करून टेबलाच्या मधोमध ठेवायचे, उत्तरं कागदावर. व्हीएनआयटी, एलआयटी या कॉलेजांची पोरं जास्त असतात पण मागच्या वेळी एक रिटायर्ड काका एकटेच आले, आम्ही त्यांना टीममध्ये घेतलं आणि बरंच झालं! सीताबर्डीची लढाई कोणत्या साली, आम्ही 1818 लिहिलं होतं, काकांनी पेन घेऊन शेवटचा 8 खोडला न 7 केला. बरोबर. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवरची पहिली टेस्ट 2008, हे आम्हाला येत होतं.
प्रश्न विचारणारा दादा नुसतं उत्तर सांगून थांबत नाही, मागची गोष्ट पण सांगते, 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं मग मुंबई राज्यात गेलं वगैरे, त्यासाठीच जावंसं वाटते.
माईक मात्र बदला भाऊ, मागच्या टेबलांना अर्धा प्रश्न ऐकूच येत नाही. कोल्ड कॉफी ठीक. सांबारवडी (म्हणजे कोथिंबिरीची वडी) एकदम गरम, कढीसोबत, दोन प्लेट सांगाच. साडेसातच्या आत पोचा, नाहीतर उभं राहावं लागते.