२४ तासांची राईड की ३६ तासांची?

एका मित्राला आयर्न बट असोसिएशनची (लांब पल्ल्याच्या मोटरसायकल राईड पुरावे तपासून प्रमाणित करणारी अमेरिकन संस्था) पहिली राईड करायचीय. पर्याय दोन, २४ तासांत १००० मैल म्हणजे साधारण १६०९ किमी (सॅडलसोर), नाहीतर ३६ तासांत १५०० मैल, २४१४ किमी (बन बर्नर).

गंमत म्हणजे दोन्हीत सरासरी सारखीच पडते, ताशी ६७ किमीच्या आसपास. फरक झोपेचा. २४ वाल्यात पेट्रोल, खाणं, पाय मोकळे करणं यात अडीच तास गेले तरी चालत्या गाडीची सरासरी ७५ लागते, पण झोप नाही काढली तरी बरेच जण निभावून नेतात. ३६ मध्ये झोप टाळायची नाहीच, आणि चार तास झोपलात की उरलेल्या ३२ तासांत तीच ७५ काढायची, वर पेट्रोल-खाण्याचे थांबे धरले की ती ८० च्या पुढे जाते. त्यात झोपून उठल्यावर आखडलेल्या अंगाने परत सीटवर बसायचं!

खर्च सरळ दीडपट. चेन असलेल्या गाडीला मात्र मध्येच ल्युब (चेनचं वंगण) द्यावंच लागतं.

पुराव्याची कटकट दोन्हीकडे आहेच, पेट्रोलच्या पावतीवर तारीख, वेळ, ठिकाण नीट छापून आलंय ना ते पंपावरच बघा. जितके थांबे जास्त तितक्या पावत्या सांभाळायच्या.

पहिल्यांदाच करताय, सलग १००० किमी कधी मारले नाहीत, तर २४ वाली. रात्रीची गाडी झेपत नसेल आणि ठरल्या वेळी झोपून उठायची शिस्त असेल तर ३६ वाली घ्या.