वाचलेलं सांगायचं कुठं: ॲपवर, ग्रुपवर की वहीत?

सध्या काय वाचतोय आणि नुकतंच काय संपवलं, हे आपल्या चार माणसांना कळावं असं वाटणारे बरेच जण अलीकडं विचारतात, "ग्रुप काढू, ॲप घेऊ, का तुमच्यासारखी वही ठेवू?" तिन्ही मी वापरलंय, अजूनही वापरतो. प्रत्येकाचं वाचन निराळं, सोबतीही निराळे, तेव्हा माझंच खरं असा आग्रह नाही.

ॲपचं थोडक्यात सांगतो. गुडरीड्स 2007 साली निघालं, 2013 पासून ॲमेझॉनकडं आहे. तशी आणखीही आहेत. वाचायचंय, वाचतोय, वाचलं असे कप्पे तिथं तयारच मिळतात. इंग्रजी वाचणाऱ्यानं फार विचार करू नये, तेच घ्यावं. मराठीचं गणित जरा अवघड आहे. 978-81 किंवा 978-93 नं सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मागं छापलेला असेल तर काम सोपं. पण वाचनालयातून आणलेल्या जुन्या आवृत्तीवर तो कुठला? पुठ्ठ्याच्या बांधणीत मूळ मुखपृष्ठही गेलेलं असतं. मग नावानं शोधा: देवनागरीत एकदा, रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी, नाहीतर स्वतः नोंद करा. वर्षाकाठी किती वाचलं याचा हिशेब ठेवायला मला ॲप बरं वाटतं. आमच्या गल्लीतले वाचक मात्र तिथं नाहीत, आणि मला सांगायचं असतं ते त्यांनाच.

खरी निवड ग्रुप आणि वहीतली.

ग्रुप सुरू करायला दोन मिनिटं लागतात. पुण्याला गेलेली लेक, आखातातला भाऊ, सगळे एका जागी येतात. हे वहीला जमणार नाही. जुलै उजाडला की आमच्या ग्रुपवर पुस्तकं मागं पडतात आणि आमच्या कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती, हे सुरू होतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, दर तासाला आकडा. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिलाय ते याबद्दल तक्रार करणार नाहीत, मीही करत नाही. नदीकाठच्या माणसाला तेव्हा तेच वाचायचं असतं.

माझं मन उडालं ते वेगळ्या कारणानं. ग्रुपवर लोक पुस्तक सुरू केल्याचं सांगतात, संपल्याचं सांगत नाहीत. पहिल्या दिवशी मुखपृष्ठाचा फोटो, शेजारी चहाचा कप, खाली "सुरुवात केली". त्यावर दहा-बारा अंगठे, दोन "लई भारी". पुढं सगळं सामसूम. पुस्तक तडीस गेलं की उशाला पडून राहिलं, कळायला मार्ग नाही. गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक फोटो बघून मी एक जाडजूड कादंबरी विकत घेतली. पन्नास-साठ पानांतच दम लागला. फोटो टाकणारे काका रंकाळ्यावर फिरताना भेटले, तेव्हा विचारलं, "शेवट कसा वाटला ओ?" म्हणाले, "मी तर तिसऱ्या प्रकरणातच ठेवली बघा. तुम्ही वाचताय म्हटल्यावर वाटलं, पुढं चांगली असंल." त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही ग्रुपवर सुरुवातीचेच फोटो टाकत आलो होतो.

फोटोचं आणखी एक. ग्रुपवर शब्द टाकून शोधता येतो, पण नुसत्या मुखपृष्ठाच्या फोटोखाली पुस्तकाचं नावच लिहिलेलं नसतं. मार्चमध्ये कुणीतरी सांगितलेलं ते प्रवासवर्णन कुठलं, हे मला आजतागायत सापडलेलं नाही.

वही निघाली ती यातून. दोनशे पानी लांब वही, पट्टीनं आखलेले रकाने: पुस्तक, कुणी, सुरू, संपलं, सोडलं. महाद्वार रोडजवळ एका मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं काउंटरवर दोरीनं बांधलेल्या पेनासकट पडून असते. आम्ही नऊजण. करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलून येताना वाटेत थांबायचं आणि दोन ओळी लिहायच्या. 1850 पासून या गावात माणसं तिथून पुस्तकं नेतायत. वाचलेलं एकमेकांना कळवायची रीतही तेवढीच जुनी असावी. पुस्तकामागं चिकटवलेली तारखांची चिठ्ठी नीट पाहा: आठवडा-आठवड्याच्या अंतरानं सलग शिक्के असले की पुस्तक हातोहात चाललंय. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी "जरूर वाचा" लिहिलेलं असतं. (पुस्तकावर लिहू नये, पण ती ओळ मी कधी खोडली नाही.)

वहीत "सुरू"समोरचा "संपलं"चा रकाना मोकळा राहिला की डोळ्यांत खुपतो. नऊ जणांच्या देखत तीन महिने मोकळा ठेवणं जड जातं. माणूस पुस्तक संपवतो, नाहीतर सरळ "सोडलं"मध्ये लिहितो. सगळ्यांत जास्त वाचला जातो तो हाच रकाना. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या तिरक्या अक्षरात एक नोंद आहे: "पान 140 ला सोडलं. भाषा सुंदर, पण माणसं सगळी एकाच आवाजात बोलतात." ते वाचून दोघांनी ते पुस्तक मुद्दाम आणलं. एकानं पूर्ण केलं आणि खाली लिहिलं, "बाई, 200 नंतर बदलतात." बाईंनी ते पुन्हा नेलंय. तारीख 9 जून, "संपलं" अजून कोरं आहे.

वहीसाठी पाय उचलावा लागतो, दुकान बंद असलं की रिकाम्या हातानं परतावं लागतं, आणि पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी लागते. तुमची माणसं गावोगाव पांगलेली असतील तर ग्रुपच बरा. फक्त फोटोखाली पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहायचं आणि संपल्यावर दुसरी ओळ टाकायची, एवढं पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आम्हीही भरलेल्या पानाचा फोटो महिन्याला ग्रुपवर टाकतो, बाहेरगावच्यांसाठी.

पण चालत जाता येईल एवढ्या अंतरात चार-पाच वाचणारे असतील, तर मी वहीच सुचवीन. घ्याल तेव्हा "सोडलं"चा रकाना रुंद आखा. आमचा दोन बोटांचाच झालाय, लोक समासात लिहितात.