शेवंड मोजायचं तीन इंचाचं गेज: फ्लोरिडा कीजमधे दोन सीझन वापरून झाल्यावर

शेवंड म्हणजे लॉबस्टर, आणि हे गेज म्हणजे ती धरण्याइतकी मोठी आहे का ते बघायचं माप. वस्तू तळहातावर मावेल एवढी, किंमत पाच डॉलरच्या आत, पण आमच्या सगळ्या डायव्हिंगच्या सामानात मी सगळ्यात आधी हीच पिशवीत टाकते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही परत कीजला, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर, मॅरेथॉन नावाच्या गावी जाऊन आलो, ऑरलँडोहून गाडीने साडेपाच तास, नवऱ्याच्या मित्राची बोट आहे तिकडे. गेल्या वर्षी नवीन होतो तेव्हा कुठलं गेज घ्यायचं ते कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते.

आधी माझ्याकडून काय चुकलं ते. पहिलं गेज मी ऑनलाइन मागवलं, एका किटमधे आलं, काठी, जाळं, हातमोजे, गेज सगळं एकत्र, आणि पाण्यात उतरायच्या आदल्या रात्री मित्राने हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला अगं हे सव्वातीन इंचाचं आहे, कॅलिफोर्नियाचं. तिकडची शेवंड वेगळ्या जातीची आणि तिकडचा नियम सव्वातीनचा, पोर्तो रिकोला साडेतीन, आणि फ्लोरिडात पाठीचं कवच तीन इंचापेक्षा मोठं पाहिजे. किट विकणाऱ्याने पानावर हे कुठेच लिहिलं नव्हतं. आमचं नुकसान एवढंच झालं असतं की चालतील अशा शेवंडी पण सोडून दिल्या असत्या, पण उलट झालं तर, म्हणजे फ्लोरिडाचं गेज घेऊन कोणी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला उतरलं तर सरळ दंड. म्हणून घेताना त्यावर कोरलेला आकडा वाचा, फोटोवर जाऊ नका. सकाळी तिथल्याच एका आमिषं विकणाऱ्या दुकानातून तीन इंचाचं घेतलं, प्लास्टिकचं, भडक पिवळं.

वापरायचं कसं ते सांगते कारण पाकिटावरच्या चित्रावरून काही कळत नाही. डोळ्यांच्या वर दोन शिंगं असतात ना, त्या दोन शिंगांच्या मधे गेजचं पुढचं टोक टेकवायचं, आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत मागे आणायचं, जिथे कवच संपून शेपटी सुरू होते तिथपर्यंत. मागचं टोक कवचाच्या पलीकडे खाली बसलं तर शेवंड लहान, सोडून द्यायची. टोक कवचावरच अडकलं, खाली उतरलंच नाही, तर चालेल. तिरकं धरलं की हमखास चुकतं, आणि शेवंड तोपर्यंत शेपटी आपटत असते, हातमोज्यातून सुद्धा काटे टोचतात, त्यामुळे एका हाताने पाठ घट्ट धरायची सवय झाली पाहिजे. मिशा धरू नका, तुटून हातात येतात.

आणि हे सगळं पाण्यातच. बोटीवर आणून मोजू असं चालत नाही, नियमच आहे की मोजायचं पाण्यात, गेज जवळ पाहिजेच, आणि लहान निघाली तर तिथल्या तिथे सोडायची. प्लास्टिकवाल्याची खरी परीक्षा इथेच होते. पिवळा रंग खाली वाळूवर पडला तरी दिसतो, हे फार चांगलं. पण वजन नाही, त्यामुळे लाटेत हलतं आणि अगदी मापाच्या काठावरची शेवंड असली की दोन-तीनदा टेकवून बघावं लागतं. यंदा म्हणून अॅल्युमिनियमचं पण एक घेतलं, ते हातात स्थिर राहतं, कडा धारदार असल्यामुळे बसलं की नाही ते बोटाला कळतं, गढूळ पाण्यात दिसत नसलं तरी. दोन्हीत निवडायचं तर मी धातूचंच सांगेन. दोरी मात्र आपली लावा, सोबत येते ती पातळ आहे, माझी पहिल्याच दिवशी तुटली.

किटमधलं बाकीचं सामान ठीक. काठी चांगली आहे, टोक बोथट आहे आणि तसंच पाहिजे कारण शेवंडीला भोसकायला किंवा कवच फुटेल असं काही वापरायला बंदी आहे. काठी कपारीत शेपटीच्या मागे घालून हळूच टोचायचं, शेवंड वाटतं तशी घाबरत नाही, चालत चालत पुढे बाहेर येते, मग जाळं मागे धरायचं आणि काठी तोंडासमोर आणायची, की ती उलटी झेप घेते ती थेट जाळ्यात. जाळ्याचा दांडा एका सीझनमधे गंजला, गोड्या पाण्याने धुऊनसुद्धा.

आता या चार डॉलरच्या तुकड्याबद्दल मला एवढं का वाटतं ते. माझं माहेर मालवणचं. लहानपणी मार्केटात शेवंड आली की बाबा मुद्दाम दाखवायला न्यायचे, आणि त्यात बोटभर लांबीच्या पण असायच्या, वाट्यावर विकल्या जायच्या, कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, आम्हालाही नाही. मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांनी १९९४ पर्यंत जवळजवळ संपवली हे मी खूप नंतर वाचलं. २००३ मधे केंद्र सरकारने निर्यातीसाठी जातीप्रमाणे कमीत कमी वजनं ठरवली, २०० ग्रॅम, ३०० ग्रॅम, ५०० ग्रॅम अशी, पण तो नियम परदेशी जाणाऱ्या मालाला, मार्केटातल्या वाट्याला नाही. इथे फ्लोरिडात शेवंडीला तीन इंच व्हायला साधारण दोन वर्षं लागतात, त्याच्याही आधी तिचं पिल्लू कित्येक महिने समुद्रात नुसतं वाहत असतं, काचेसारखं पारदर्शक. एवढं करून ती त्या कपारीत येऊन बसलेली असते.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. सोळाच्या खालच्यांना लायसन्स लागत नाही, पण दिवसाला माणशी सहा शेवंडींचा हिशोब आणि मापाचे नियम त्यांनाही लागू. आम्हा दोघांचं सॉल्टवॉटर लायसन्स १७ डॉलर आणि वर शेवंडीचं परमिट ५ डॉलर, आम्ही इथले रहिवासी म्हणून, बाहेरून येणाऱ्यांना जास्त पडतं. गेज लेकीच्या मनगटाला बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी आठ-नऊ फूट पाण्यात तिने एक धरली, चांगली भरलेली, मला वरून बघून वाटलं ही नक्की चालणार. तिने गेज लावलं आणि मागचं टोक अगदी केसभर खाली उतरलं. केसभर. पाण्याखाली तिने माझ्याकडे बघितलं, परत लावलं, परत उतरलं. मग तिने शेवंड वळवून कपारीच्या तोंडाशी धरली आणि हात सोडला. वर आल्यावर नळी काढून पहिलं वाक्य, "आई, बसलं गं ते." आवाजात रडू होतं, पण मला विचारायला थांबली नाही, आणि मला त्या क्षणी तिचा किती अभिमान वाटला ते सांगता येत नाही.

अजून एक उलटी करून बघितली तर शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस होता. अंडीवाली मादी मापात बसो न बसो, सोडायचीच. गेज हे सांगत नाही, तेवढं आपण बघायचं.

संध्याकाळी धक्क्यावर फिश अँड वाइल्डलाइफचे अधिकारी होते, कूलर उघडायला सांगितला, स्वतःच्या गेजने एकेक मोजली, आमच्या सात होत्या, तिघांत. शेपट्या तोडून आणल्या नव्हत्या ना तेही बघितलं, किनाऱ्याला लागेपर्यंत शेवंड अख्खीच ठेवावी लागते. लहान सापडल्या तर प्रत्येक शेवंडीचा वेगळा गुन्हा धरता येतो, त्यामुळे दहा मिनिटं शांतपणे उभं राहायला काहीच त्रास वाटला नाही. रात्री ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून केली.

नवीन लोकांना एक सांगते, जुलैच्या शेवटच्या बुधवार-गुरुवारी दोन दिवसांचा मिनी सीझन असतो, त्याला पहिल्यांदा जाऊ नका. बोटींची प्रचंड गर्दी, खाली डायव्हर आहे हे सांगणारा झेंडा लावलेला असला तरी जपून राहावं लागतं, आणि घाईत मोजणं नीट होत नाही. ६ ऑगस्ट ते ३१ मार्च नेहमीचा सीझन आहे, भरपूर वेळ मिळतो. आणि तरंगत्या बोयाखाली दुसऱ्याचे पिंजरे दिसतात त्यांना हात लावायचा नाही, तो मोठा गुन्हा आहे.

अॅल्युमिनियमच्या गेजला पाचपैकी पाच, प्लास्टिकच्याला चार, किटला तीन, आणि तेही काठीमुळे. दोन गेज घ्या, एक पाण्यात पडलं तर तो दिवस तिथेच संपतो, गेजशिवाय शेवंडीला हात लावता येत नाही.