ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता, तरी खातं साफ झालं

आधीच सांगतो, मी अडाणी नाय. देवगडात आंब्याचा धंदा आहे, सगळे व्यवहार फोनवरच होतात, आणि 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे तर इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगणार नाही. सांगितला नाहीच. तरी ६८ हजार ४९८ रुपये गेले.

झालं असं की एप्रिलचा शनिवार, संध्याकाळी खळ्यात बसून पेट्या भरत होतो, हाताला चीक, गवत सगळीकडे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की तुमच्या वाहनावर ५०० रुपयांचं चलान बाकी आहे, खालची फाईल उघडून फोटो बघा. फाईलचं नाव 'आरटीओ चलान' आणि शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनात अ‍ॅप टाकायची फाईल. आता मेसेज अनोळखी नंबरवरून असता तर मी बघितलाही नसता. पण तो आला वाशीच्या ज्या दलालाकडे माझा माल जातो त्याच्या नंबरवरून. आमची पिकअप त्याच आठवड्यात दोनदा वाशीला गेली होती, ड्रायव्हर पोरगा गाडी पळवतो हे मला माहीत, म्हटलं घेतला असेल कुठेतरी कॅमेऱ्यात, गाडी मार्केटला गेल्येय म्हणून दलालाकडे कळवलं असेल. मेसेजमध्ये गाडीचा नंबर कुठेच नव्हता, हे आत्ता लिहिताना जाणवतंय.

फोनने अडवलं होतं बरं का. आधी म्हणाला या ठिकाणाहून अ‍ॅप टाकायची परवानगी नाही, मग सेटिंगमध्ये जाऊन ते बटण मीच चालू केलं. मग प्ले प्रोटेक्टची, म्हणजे गुगलच्या धोकादायक अ‍ॅप तपासणाऱ्या सोयीची, खिडकी आली, तिलाही 'तरीही इन्स्टॉल करा' म्हटलं. मग अ‍ॅपने विचारलं, मेसेजसाठी मला डिफॉल्ट करू का, मी हो. चिकाच्या हाताने पटापट हो हो हो. पुढे चलानचं पान उघडलं, वर अशोकस्तंभ बिंभ सगळं, ५०० रुपये भरायला कार्डाचा नंबर, एक्सपायरी, मागचे ३ आकडे टाकले. गोल फिरत राहिलं आणि 'सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा'. मी फोन ठेवला आणि पेट्या भरायला लागलो. थोड्या वेळाने बघितलं तर अ‍ॅपचं चित्रच स्क्रीनवर नव्हतं, मला वाटलं टाकलंच गेलं नसेल.

रात्रभर एकही मेसेज नाही. बँकेचा नाही, कसलाच नाही. पण आमच्या घरात रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यातच येते, त्यामुळे मेसेज न येणं ही काय बातमी नव्हे.

रविवारी सकाळी मासळीला गेलो. ३०० चे बांगडे घेतले, स्कॅन केलं, फेल. परत केलं, परत फेल. मावशी म्हणते, "पैशे इले नाय रे झिला." मी म्हटलं टॉवर गेला असेल, तिसऱ्यांदा स्क्रीन नीट वाचली तर लिहिलंय खात्यात पुरेशी रक्कम नाही. सीझनचे पैसे होते त्यात. बांगड्यांची पिशवी हातात आणि पायाखालची जमीन गेली म्हणतात ना तसं. स्टेटमेंट उघडलं तर रात्री २ च्या सुमारास तीन ऑनलाइन खरेद्या, २४,९९९, परत २४,९९९ आणि १८,५००.

ओटीपी गेला कसा, हे मला नंतर सायबरच्या पोराने समजावलं. तो मी सांगायची गरजच नव्हती. मी ज्या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी दिली तेच अ‍ॅप ओटीपी वाचून पुढे पाठवत होतं आणि मला दाखवतच नव्हतं, कार्डाचे आकडे तर मी स्वतः भरून दिलेले. म्हणजे 'ओटीपी सांगू नका' हा सल्ला या प्रकारात काही कामाचा नाही, सल्ला द्यायचाच तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके कुणाचीही असो, सख्ख्या भावाची असो, उघडू नका हा द्या. खरं चलान बघायला सरकारी साईट आहे, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की दिसतं. चलान एपीकेमध्ये कधीच येत नाही.

त्या दिवशी मी एकच गोष्ट बरोबर केली, तिथे बाजारातूनच मावशीच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. माझा फोन विमान मोडवर टाकला, कार्ड ब्लॉक केलं. १८,५०० ची खरेदी पुढे जायच्या आत अडकली, ते पैसे होल्डवर आहेत. बाकीचे गेले. घरी आधी सांगू की आधी तक्रार करू असा विचार करत बसलो असतो तर तेही गेले असते.

बँकेत म्हणाले, कार्ड तुम्हीच भरलंत, तुमचीच चूक. थोडी आहेच. पण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर टाकलं, आणि कळवल्यानंतर पुढे जे जाईल तो तोटा बँकेचा असं म्हटलं. म्हणून तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, काउंटरवर नुसतं बोलून येऊ नका. माझं भांडण चालू आहे.

आणि हो, गुगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं होतं की ओळख न पटवलेल्या लोकांची अ‍ॅप अँड्रॉइडवर बाहेरून टाकता येणार नाहीत, सुरुवात २०२६ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासून. एफ-ड्रॉइडवाले, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेर मोकळी अ‍ॅप देणारे, म्हणतात हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा गळा घोटणं आहे, माझा पुण्याचा भाचाही तेच म्हणतो, फोन माझा तर काय टाकायचं ते मी ठरवणार. बोलणं चूक नाही त्याचं. पण त्या संध्याकाळी ते बटण माझ्या फोनवर नसतं तर बरं झालं असतं, एवढंच मला कळतं.

सगळ्यात लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दलालाला फोन केला तर तो म्हणाला माझाच फोन दोन दिवसांपूर्वी असाच गेला, मी काय पाठवलं नाही. म्हणजे आता माझ्या नंबरवरूनही. बघतो तर खरंच, वाडीतल्या ग्रुपवर, पाहुण्यांना, सगळ्यांना रात्री तीच फाईल गेलेली. बायकोच्या फोनवरून एकेकाला फोन लावत बसलो. शेजारच्या नानांकडे साधी सायकलसुद्धा नाही, त्यांनीही उघडली होती, म्हणे तुझ्या नंबरवरून आली म्हणून. पण त्यांचा फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनी इतका भरलेला की अ‍ॅपला जागाच मिळाली नाही. नाना मलाच विचारत होते, फोटो काढून टाकू काय?