कोपर्निकस ब्राउझर : ओबीवरची हिरवळ घरबसल्या पाहायची तर

घुग्घुस-वणी पट्ट्यातल्या माणसाला ओबी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. खुल्या खाणीत कोळशाच्या वरची माती, मुरूम, दगड काढून बाजूला रचतात, ते ओबीचे ढिगारे. ढिगारा भरला की त्यावर रोपं लावतात आणि इतकी हजार रोपे लावली असा फलक लागतो. त्यातली जगली किती, ते कुंपणाबाहेरून दिसत नाही. मी शाळेत भूगोल शिकवत होतो, आता निवृत्त आहे. रिकामपणाचा उद्योग म्हणून आमच्या भागातल्या ढिगाऱ्यांवर या फुकटच्या वेबसाइटवरून नजर ठेवतो. पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे येईलच.

हे युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं संकेतस्थळ. गाव शोधायचं, सेंटिनेल-२ हा उपग्रह निवडायचा, तारीख टाकायची, की त्या दिवसाचं छायाचित्र समोर. दर पाच दिवसांनी नवीन येतं. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. त्यामुळे शेतकऱ्याला समजावताना मी सरळ 'एक ठिपका, एक गुंठा' असं सांगतो, आणि त्याला ते लगेच पटतं. गुंठ्यातलं एकेक रोप मात्र दिसणार नाही. खड्ड्यांच्या ओळी मोजायच्या असतील तर गूगल अर्थ बरं, पण त्यावर हव्या त्या महिन्याचं चित्र मिळेलच असं नाही.

खरी गंमत 'एनडीव्हीआय' या, हिरवळ आकड्यात मोजणाऱ्या थरात आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उघडा मुरूम ०.१ च्या आसपास येतो, दाट जंगल ०.७ च्या वर जातं. हे गणित वेबसाइटच करते आणि नकाशा बदामीपासून गडद हिरव्यापर्यंत रंगवून देते. शिवाय ढिगाऱ्याभोवती आकृती काढून आलेखाचं बटण दाबलं की वर्षावर्षांचा चढउतार एका रेषेत दिसतो. सगळ्यात जास्त मी हेच वापरतो.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरातलं चित्र बघून कोणी 'ढिगारा हिरवा झाला' म्हणत असेल तर लगेच मान डोलावू नका. पाऊस संपल्यावर आमच्याकडे उघड्या जागेवर रानतुळस कमरेएवढी वाढते, मधूनमधून घाणेरी, बाकी कुसळी गवत. उपग्रहाला हे सगळं हिरवंच. म्हणून तीच जागा एप्रिलमध्ये काढायची. रानतुळस तोवर वाळून काडी झालेली असते आणि ढिगारा पुन्हा बदामी पडतो.

पण नुसता एप्रिलही फसवतो. साग एप्रिलमध्ये निष्पर्ण असतो. ताडोब्याचं चांगलं जंगलसुद्धा तेव्हा नकाशावर तपकिरी दिसतं. मग ढिगारा वाळलाय की त्यावर सागाची झाडं आहेत, हे ओळखायचं कसं? मी शेजारच्या खिडकीत जंगलाचा एक तुकडा उघडून ठेवतो. इथली झाडं रुजली असतील तर ढिगाऱ्याचा आलेख त्या जंगलाच्या आलेखासारखा वरखाली व्हायला हवा: पावसाळ्यानंतर वर, उन्हाळ्यात खाली, आणि दर वर्षीचा तळ आधीपेक्षा जरा वर. उलट आजूबाजूचं रान करपलेलं असताना ढिगारा हिरवागार दिसला तर तिथे नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ असलं काहीतरी असायची शक्यता जास्त. एका बंद ढिगाऱ्यावर मला असाच पट्टा दिसला. रस्त्यावरून दुर्बिणीने पाहिलं तर ऑस्ट्रेलियन बाभूळ, रांगेत, आणि खाली गवताची काडी नाही. नकाशात त्याला उत्तम गुण होते! झाड कुठलं ते ही वेबसाइट सांगत नाही. तो एक तारा इथे गेला.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणीच्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालायला सांगितलं, तेव्हा गवतही मोजलंच पाहिजे. पण गवत आणि रानतुळस या दोघांत गुरांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो बांधावर जाऊनच कळतो.

सरकारी पातळीवर हे काम होत नाही असं नाही. कोल इंडियाच्या खुल्या खाणींची अशी उपग्रहावरून मोजणी तिचीच खाण-नियोजन करणारी रांचीची कंपनी सीएमपीडीआय करते. कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरच्या वर काढणाऱ्या खाणी दर वर्षी, लहान खाणी तीन वर्षांनी. त्या अहवालातले आकडे आणि आपला आलेख शेजारी ठेवून पाहायला मजा येते. नागरिकाला एवढं फुकट मिळतंय हे काही कमी नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. जून ते सप्टेंबर ढगच ढग, त्यामुळे ते महिने सोडूनच द्या. डिसेंबरात ढिगाऱ्याची वायव्येकडची उतरण सावलीत जाते, कारण उपग्रह साडेदहाच्या सुमारास येतो. मोबाइलवर आकृती काढणं म्हणजे डोकेदुखी, संगणकच घ्या. इंग्रजीची अडचण वाटेल, पण बटणं चारच लागतात, नातवाने एका संध्याकाळी शिकवली.

आकृती काढताना खाणीतल्या पाण्याचा डोह आत येऊ देऊ नका. पाण्याचा आकडा उणे येतो आणि सगळी सरासरी खाली ओढतो. ढिगाऱ्याच्या कडेचा रस्ताही वगळा. आणि मोठा ढिगारा असेल तर माथा आणि उतार यांच्या आकृत्या वेगळ्या काढा. माथ्यावर रोपं टिकतात, माती वाहते ती उतारावरून, आणि दोन्ही एकत्र मोजलं की उतारावरच्या घळी सरासरीत गडप होतात.